जुना संगणक मोडीत घालण्यापूर्वी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या वस्त्यांत, विहाराच्या अभ्यासिकेत कुणी दान दिलेला जुना संगणक असतो. शिष्यवृत्तीचा, भरतीचा अर्ज त्यावरच भरला जातो. तो बंद पडला की मुलाला तालुक्याला जावे लागते आणि सोबत गेलेल्या बापाची दिवसाची मजुरी बुडते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबविला. मग यंत्र मोडीत घालावे काय? आम्ही म्हणतो, घाई करू नका. लिनक्स मिंट, डेबियन या प्रणाली फुकट मिळतात आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालतात.

खरी अडचण येते ती प्रणाली टाकताना. डिस्क दिसत नाही, वायफाय सापडत नाही. अशा वेळी नशिबाला बोल लावू नये. प्रत्येक गोष्टीला कारण असते, ही तथागतांची शिकवण यंत्रालाही लागू आहे.

आधी महत्त्वाची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. मग पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहा. पडदा, आवाज, वायफाय चालतात की नाही, ते तिथेच कळते.

यंत्र सुरूच होत नसेल तर वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या. तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसा आणि पट्टी घट्ट बसवा. आपल्याकडच्या पावसाळी ओलीने तिथे मळ धरतो.

डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर दोष केबलचा किंवा डिस्कचा. प्रणाली बदलून उपयोग नाही. बायोसमध्ये दिसते पण प्रणालीला सापडत नाही, तर साटाची पद्धत ‘रेड’वरून ‘एएचसीआय’ करून पाहा. मात्र त्यामुळे जुनी विंडोज सुरू न होण्याचा संभव असतो.

तारीख सारखी मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल बदला.

वायफायला फर्मवेअर लागते. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ते सोबतच दिले आहे. तरीही अडले, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरा. यंत्र ३२ बिटचे असेल तर २०२५ ची डेबियन १३ त्यावर टाकता येत नाही. १२ वी आवृत्ती घ्या.

येत्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतील दोन मुली आणि दोन मुलांना हे काम हाताने करू द्या. पुढचा अर्ज भरायला कुणाची मजुरी बुडू नये, एवढाच आमचा हेतू आहे. जयभीम!