हिरव्या बिल्डमध्ये बिघडलेले बाळापूर

बिल्ड यशस्वी होते आणि स्क्रीनवर मात्र गावाच्या नावाऐवजी कचरा उमटतो, ही वाचकांची तक्रार थांबायला तयार नाही. ‘माझ्या मशीनवर चालते’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर आता बंद झाले पाहिजे. विंडोजचे लोकॅल ‘इंग्रजी (भारत)’ असेल, तर जुना जावा कंपायलर सोर्स फाईल विंडोज-१२५२ समजून वाचतो. बिल्ड मशीनवर अवलंबून आहे, असे मेव्हन स्वतः बजावतो. पण त्या पिवळ्या ओळी वाचायची तसदी आपण घेत नाही. हिंगोली जिल्ह्यातलीच दोन नावे घ्या. ‘आखाडा बाळापूर’ यूटीएफ-८ मध्ये ३७ बाइटचे होते आणि त्यातल्या प्रत्येक बाइटला १२५२ मध्ये काही ना काही चिन्ह नेमलेले आहे. त्यामुळे कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि बिघडलेली स्ट्रिंग थेट क्लास फाईलमध्ये जाते. तालुक्याच्या ‘कळमनुरी’त मात्र ऱ्हस्व उकार आहे. त्याचा शेवटचा बाइट हेक्स ८१, तो १२५२ मध्ये रिकामा. तिथे कंपायलर लगेच तक्रार करतो. हलन्ताचा ८डी आणि ‘झ’चा ९डी हेही तसेच रिकामे. तेव्हा कळमनुरीची ओळ तेवढी दुरुस्त करून जो मोकळा होतो, तो बाळापूर बिघडलेलेच पुढे पाठवतो.

मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरले जाते, मग हा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतात. पण ८, ११ आणि १७ वरचे प्रकल्प अजून चालू आहेत, आणि बिल्ड बरोबर येणे कोणाच्या मशीनवर कोणते जेडीके आहे यावर सोडणे ही बेपर्वाई आहे. मराठी मजकूर प्रॉपर्टीज फाईलमध्ये हलवा, हा सल्लाही अपुरा. रिसोर्स बंडल जावा ९ पासून यूटीएफ-८ वाचते, पण इनपुट स्ट्रीम देऊन प्रॉपर्टीज लोड केल्या तर आजही आयएसओ-८८५९-१ च धरले जाते. त्यात रिकामा बाइट एकही नाही, म्हणजे तिथे कळमनुरीही मुकाट बिघडते. युनिकोडचे आकडे लिहून मजकूर सुरक्षित राहील खरा, पण त्याचे मुद्रितशोधन कोण करणार?

मित्रहो, पॉम फाईलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची ओळ आजच घाला. ग्रेडलवाल्यांनी जावा कंपाइलच्या ऑप्शन्समध्ये ती घालावी. प्रॉपर्टीज यूटीएफ-८ ठरवलेल्या रीडरमधूनच लोड कराव्यात. आणि सोबत एक चाचणी जोडा: ‘आखाडा बाळापूर’ या स्ट्रिंगची लांबी १३ आली पाहिजे. ३७ आली, तर रिलीज तिथेच थांबवा.