पोलीस दारात आले तर

पोलीस दारात आले की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. काही केलेले नसले तरी. पण त्या वेळी तुम्ही निराधार नसता. आपल्याकडे सरकारलाही मनाला येईल तसे कुणाला उचलून नेता येत नाही. मला विचाराल तर लोकशाहीची खरी मिळकत हीच.

आधी साहेबांचे नाव आणि ठाणे विचारून घ्या. अटक कशासाठी, तेही विचारा. कारण सांगणे त्यांना बंधनकारक आहे. आवाज चढवू नका, झटापट तर नकोच.

अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घेतात. सही करण्याआधी वेळ वाचा. शनिवारी रात्री दहाला नेले असेल आणि कागदावर रविवारची सकाळ असेल, तर तिथेच बोला. कारण प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. रविवार असो, दिवाळी असो.

बाईमाणसाला सूर्यास्तानंतर नेता येत नाही. अपवाद असलाच तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगीही.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. कोठडीतल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो. एजंटाच्या नादी लागू नका.

हे सगळे कायमचे असते असे समजू नका. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. मिसा या खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली नेलेल्यांना कारणही सांगत नव्हते. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही घरच्यांना दाद मागायची वाट बंद केली. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार घालवले. पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती झाली, आणि आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही.

तरी फटी आहेतच. आजही अशा स्थानबद्धतेच्या कायद्यांखाली नेले तर चोवीस तासांचा नियम लागत नाही. तेव्हा तर वकील लगेच गाठा.

आणि शेजारचा पोरगा तुमच्या पक्षाचा नसेल, जातीचा नसेल, त्याचे तोंड बघवत नसेल, तरी त्याला नेले की त्याच्या आईबरोबर ठाण्यात जा. किती वाजता नेले, ते लिहून ठेवा.