शादलू गेला म्हणून पलटणचा लिलाव फसला?



प्रो कबड्डीचा लिलाव झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कबड्डीवाल्यांना बरेच दिवस दुसरा विषय सुचत नाही. पुणेरी पलटणने कोणाला घेतले, कोणाला सोडले, कोणावर पैसे उधळले याचा हिशेब भिगवणच्या चहाच्या टपरीवर मांडला जातो, तसाच भवानीनगरच्या कारखान्याच्या गेटवरही. त्यात दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलूला सोडले तिथेच संघाचे वाटोळे झाले. दुसरी, शेवटच्या फेरीत कोणी ओळखत नाही अशी पोरे उचलण्यापेक्षा त्याच पैशांत एखादा मुरलेला गडी घ्यावा. पहिली तक्रार अर्धी खरी आहे. दुसरी साफ चुकीची आहे, आणि पलटणच्या गेल्या पाच मोसमांनीच ती खोडून काढली आहे.

ऑगस्ट २०२१ च्या लिलावापासून सुरुवात करू. त्या वेळी यूपी योद्धाने परदीप नरवालसाठी १ कोटी ६५ लाख मोजले होते. पलटणने ४० लाखांना राहुल चौधरीला घेतले. एकेकाळी या स्पर्धेतला सर्वांत लाडका चढाईपटू आपल्या संघात आला म्हणून चाहते खूश होते. त्याच मोसमात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन नवी पोरेही संघात आली. ती मोठ्या बोलीतून आलेली नव्हती. नवोदित खेळाडूंसाठी जी वेगळी सोय असते, तिच्यातून आली होती. स्पर्धा बंगळुरूत सुरू झाली आणि सामने पुढे सरकले तसा चढाईचा भार राहुलवरून या दोघांवर आला. संघ बाद फेरीत पोचला तो त्यांच्या जिवावर. त्यांच्यातला अस्लम आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. पुढे तो पलटणचा कर्णधार झाला आणि दहाव्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि नाशिकचा आकाश शिंदेही होता. दोघेही पलटणच्या तालमीत वाढलेले.

मग शादलूचे काय? दहाव्या मोसमासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि त्या पैशाचे त्याने चीज केले हे मान्य करायलाच हवे. त्या मोसमात पकडीचे सर्वाधिक ९९ गुण त्याचेच होते. त्याआधीच्या वर्षी पलटण अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली होती. शादलू आल्यावर १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून संघाने पहिल्यांदा चषक उचलला. पण त्या सामन्याला कलाटणी दिली ती पंकज मोहितेच्या एका चढाईने. एकाच चढाईत त्याने चार गडी टिपले. हा पंकज २०१९ मध्ये नवोदित म्हणूनच पलटणमध्ये आला होता. बचावात शादलूच्या जोडीला उभे असलेले गौरव खत्री, अबिनेश नदराजन आणि संकेत सावंत हेही काही कोटींची बोली लागलेले खेळाडू नव्हते. आधी इतका संघ खालून बांधून झाला होता, म्हणूनच पाच कोटींच्या थैलीतला जवळपास अर्धा पैसा एका इराणी खेळाडूवर लावणे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या संघाला परवडले.

इथे चाहते हरियाणाचे नाव काढतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हरियाणाने शादलूला २ कोटी ७ लाखांत नेले आणि २९ डिसेंबरला चषक जिंकला, तोही आपल्याच बालेवाडीत. पलटण मात्र बाद फेरीतसुद्धा पोचली नाही. ही जखम खरी आहे. पण त्या मोसमात अस्लम मध्येच जायबंदी झाला होता, आणि कर्णधार आणि मुख्य चढाईपटू असलेलाच गडी बाहेर बसला तर कोणताही संघ डगमगतो. शिवाय त्यानंतरच्या वर्षाचा हिशेब कोणी मांडत नाही. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने शादलूसाठी २ कोटी २३ लाख दिले आणि बंगाल वॉरियर्सने देवांक दलालसाठी २ कोटी २० लाखांहून अधिक. हे दोन्ही संघ पहिल्या आठातही आले नाहीत. याच लिलावात परदीप नरवालला कोणी घेतले नाही. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले गेले, त्याने लगेच निवृत्ती जाहीर केली.

आणि पलटण? साखळीत पहिल्या दोन संघांत आली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी, अवघ्या तीन गुणांनी, अंतिम सामना हरली. सचिन तंवरला एक कोटीच्या वर पैसे मोजले होते हे खरे. तरी संघाला अंतिम फेरीत नेले ते आदित्य शिंदेने. तेलुगू टायटन्सविरुद्धच्या निर्णायक लढतीत त्याने एकट्याने वीसहून अधिक गुण मिळवले. हा आदित्य दहाव्या मोसमापासून पलटणच्या यादीत होता. तेव्हा त्याचे नाव किती जणांना माहीत होते? दोन वर्षे तो बहुतेक वेळ बाकावर बसून शिकला. शेवटच्या फेरीतला किंवा नवोदित खेळाडू आडसाली उसासारखा असतो. जुलैत लागण केली तर पुढच्या वर्षीच्या हंगामाशिवाय तो तोडायला येत नाही, हे नीरेच्या काठावर कोणाला सांगावे लागत नाही. पण तीच माणसे लिलावानंतर पहिल्याच महिन्यात नव्या पोराच्या नावाने ‘हा कोण, कशाला घेतला?’ म्हणून शंख करतात.

शेवटच्या, म्हणजे ‘ड’ गटाच्या खेळाडूची मूळ किंमत आता ९ लाख आहे. त्या पैशांत तिशी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा गडी घेतला तर तो फार तर चार सामन्यांत सांभाळून घेईल आणि निघून जाईल. विशीतला पोरगा फसला तरी नुकसान तेवढेच. उगवला तर तीन-चार मोसम संघ त्याच्या खांद्यावर उभा राहतो. अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत डेट्रॉइट रेड विंग्जने हेच केले. १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर पावेल दात्सुक आणि १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग हे खेळाडू त्यांनी निवडले. तोवर बाकीच्या संघांनी त्यांना घेतले नव्हते. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ली चषक जिंकला तेव्हा हे दोघे संघाचे आधारस्तंभ होते. त्यामागे त्या क्लबचा युरोपात गावोगावचे सामने पाहत फिरणारा माणूस होता.

खरी तक्रार करायची तर खेळाडू शोधण्याच्या या कामाबद्दल करावी. पलटणच्या यादीत हरियाणाची मुले असतात म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. मोहित गोयत तिकडचाच आहे. जिल्ह्यानुसार जागा राखून ठेवणेही खेळाला मारक ठरेल. पण निमगाव केतकी, बावडा, लासुर्णे, सुपे, वडगाव निंबाळकर अशा गावांतून जत्रेच्या आणि मंडळांच्या मैदानांवर जी पोरे मातीत चढाया करतात, त्यांच्यावर जाणत्या माणसाची नजर पडायला हवी. मातीवर पाय रोवून पकड करणारा मुलगा मॅटवर पहिले काही आठवडे घसरतो. बूट घालून खेळण्याची त्याला सवय नसते, आणि तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे या दडपणाचीही नसते. एका दिवसाच्या चाचणीत तो मागे पडणारच. त्याला महिनाभर मॅटवर खेळवून मग पारखले पाहिजे. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे काही महिने राज्याचे क्रीडामंत्री होते. तालुक्याच्या ठिकाणी कायमची मॅट असावी ही मागणी तेव्हाही रास्त होती आणि आजही आहे.

म्हणून पलटणच्या व्यवस्थापनाला या भागातल्या चाहत्यांनी शादलूबद्दल पत्रे पाठवण्याऐवजी एवढेच मागावे. पुढच्या लिलावाआधी वीस वर्षांच्या आतल्या, ७० किलोपर्यंतच्या मुलांसाठी एक सराव शिबिर बारामतीत किंवा इंदापुरात घ्यावे. ते मॅटवर असावे आणि निदान तीन आठवड्यांचे असावे. तारीख महिनाभर आधी जाहीर करावी आणि ती बारावीच्या परीक्षेत येऊ देऊ नये. ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांनाही येता यावे म्हणून राहण्या-जेवण्याची सोय तिथेच करावी. आणि त्यातून एकही मुलगा निवडला गेला नाही, तर का नाही, हे त्या मुलांना प्रशिक्षकांनी समोर बसवून सांगावे.

— एक कबड्डीप्रेमी वाचक, इंदापूर