जांघेतला हर्निया: दुर्बिणीतून की चिरा देऊन?

‘दुर्बिणीतून हर्निया, लगेच घरी’ अशा जाहिराती वाचून चिऱ्याचे ऑपरेशन जुनाट झाले, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. दोन्हींत सहसा जाळीच बसवतात.

दुर्बिणीने केल्यास दुखणे कमी असते, कामावर लवकर परतता येते. पण बहुधा पूर्ण भूल लागते. चिऱ्याचे ऑपरेशन तेवढीच जागा बधिर करूनही होते, म्हणून हृदयविकार असलेल्या वयस्कर रुग्णांना ते सोयीचे पडते. हर्निया दोन्ही बाजूंना असेल, किंवा चिऱ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा झाला असेल, तर दुर्बीण बरी.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांत हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण दुर्बिणीने १०.१ टक्के, तर चिऱ्याने ४.९ टक्के होते. मात्र २५० हून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनांकडे हा फरक बराच कमी होता.

म्हणून सर्जनना दोन प्रश्न विचारा: ‘माझ्यासाठी हीच पद्धत का?’ आणि ‘अशी किती ऑपरेशने तुम्ही केली आहेत?’

गाठ अचानक दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.