दुखणें आमचें, सल्ला कोणाचा?

रोग आमच्या अंगांत, आणि कोणता रोग तपासावा हें ठरविणार शहरांतले विद्वान! वैनगंगेपलीकडे गडचिरोलींत ही रीत मोडली आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’चें काम मांडलें. इस्पितळ कसें हवें हें आदिवासींस विचारलें. मोठ्या इमारतीचें भय वाटतें, असें कळलें. मग गोंडांच्या गांवासारख्या झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि नांव दिलें मां दंतेश्वरीचें. आदिवासींची आरोग्य-संसद भरते. कोणतें दुखणें आधीं हातीं घ्यावें तें गांवचे लोक तींत सांगतात. हिवताप त्यांनींच पुढें केला. गांवच्याच बायांनीं शिकून ३९ गांवांत तान्ह्या बाळांची घरीं शुश्रूषा केली. शेजारच्या ४७ गांवांच्या मानानें तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं विलायतेच्या ‘लॅन्सेट’नें हें छापलें.

मूलकरांनो, उद्यां नर्सबाई पाहणीचे कागद घेऊन दारीं आल्या, तर नम्रपणें विचारा: हे प्रश्न ठरवितांना आमच्यांतलें कोण होतें? निकाल आम्हांस वाचून दाखविणार काय? सल्लागार म्हणून सरपंचाचा पुतण्या नको. सुईण हवी, सुतार हवा, धान रोवणारी बाई हवी. तिची बुडालेली मजुरी भरून द्यावी, आणि रोवणीच्या दिवसांत सभा ठेवूं नये.