चार चकरा आणि एक दाढ

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मेकॅनिकलच्या मुलीने दातांवर लेख का लिहावा, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. (कॉन्व्हेंटच्या मुलीने मराठीत का लिहावं, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. वेलांट्या आईने तपासल्या आहेत, तेव्हा चालवून घ्या!) कारण साधं आहे. आज दाताच्या दवाखान्यात जे चाललंय ते बरंचसं आपल्याच सिलॅबसमधून उचललेलं आहे. कॅड-कॅम, फाइव्ह अ‍ॅक्सिस मिलिंग, थ्रीडी प्रिंटिंग, इमेज प्रोसेसिंग, सगळं तिथे आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा नेमका काय उपयोग? माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या तंत्रज्ञानामुळे पेशंटच्या चकरा कमी होतात तेच आपल्या कामाचं. बाकी सगळी चकचकीत स्क्रीन.

चकरा म्हणजे काय ते आमच्या आबांकडून शिकावं. आबा संग्रामपूर तालुक्यातल्या खेड्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची दाढ ठणकायला लागली. लवंगेचं तेल झालं, तुरटीच्या गुळण्या झाल्या, शेवटी काकाने त्यांना खामगावला नेलं. डॉक्टर चांगले होते. दाढ वाचेल म्हणाले. रूट कॅनालला दोन-तीनदा यावं लागेल, मग कॅपचं माप, मग कॅप बसवायला. आबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "काहाले चकरा माराव? काढून टाका म्हना दाढ!" आणि काढली. आबांचं वय 75 च्या पुढे, म्हणजे 2022 पासून एस.टी. त्यांना फुकट. तेव्हा प्रश्न तिकिटाचा नव्हताच. कापूस वेचणीचे दिवस होते आणि सोबत जाणाऱ्या काकाचा प्रत्येक वेळी एक दिवस बुडणार होता. हा हिशोब दवाखान्याच्या बिलात कुठेच लिहिलेला नसतो. तेरा तालुक्यांचा आपला जिल्हा, जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही, आणि वाचण्यासारखे कितीतरी दात याच हिशोबापायी निघत असणार. दात काढला की गोष्ट तिथे संपत नाही. शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलायला लागतात, समोरचा दात लांब होत जातो. आबा आता एकाच बाजूने चावतात.

आता बघा, या चकरा होतातच कशामुळे? कॅपसाठी डॉक्टर दात चारही बाजूंनी घासतात, मग ट्रेमध्ये मऊ लगदा भरून माप घेतात. त्यातलं अल्जिनेट नावाचं पावडर समुद्री शेवाळापासून बनतं. ओलावा उडाला की ते आकसतं, म्हणून त्यात लवकर प्लास्टर ओतावं लागतं. मग ते प्लास्टरचे दात कुरिअरने मोठ्या गावच्या लॅबला जातात. तिथे मेणाचा दात कोरतात, त्याभोवती साचा करतात, मेण वितळवून काढतात आणि धातू ओततात. चांदीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या खामगावच्या कारागिरांना ही पद्धत वेगळी सांगायला नको! काम हाताचं आणि फार नाजूक. कडेला शंभर-सव्वाशे मायक्रॉनहून मोठी फट राहिली की तिथे कीड लागायची भीती. माप बिघडलं की कॅप परत लॅबला, आणि पेशंट परत एस.टी. स्टँडवर.

हे बदलायची सुरुवात जुनीच आहे. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाताचं माप प्रकाशाने घ्यायची कल्पना मांडली. 1985 मध्ये झुरिकला डॉ. व्हेर्नर म्योरमान यांनी मशीनने कोरलेलं सिरॅमिक पेशंटच्या दातात त्याच बैठकीत बसवलं. त्यांचा जोडीदार कोण होता माहीत आहे? मार्को ब्रांदेस्तिनी, एक इलेक्ट्रिकल इंजिनीअर! एकाला दात कळत होता, दुसऱ्याला मशीन. त्यांच्या या यंत्रणेचं नाव सेरेक.

आज डॉक्टर जाड पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवतात आणि स्क्रीनवर दात तयार होत जातो, लाखो छोट्या त्रिकोणांनी बनलेला. फाईल एस.टी.एल. आपण प्रिंटरला देतो तीच. लगदा नाही, उमासे नाहीत, कुरिअर नाही. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला आणि नागपूर-मुंबई जवळ आली म्हणतात, पण ही फाईल त्याच्याही आधी पोहोचते. लॅबमध्ये संगणकावर कॅप डिझाइन होते आणि झिर्कोनियाच्या खडूसारख्या मऊ चकतीतून मशीन ती कोरून काढतं. मला सगळ्यात आवडलेली गंमत पुढे आहे. ही कॅप नंतर सुमारे 1500 अंशांवर भाजतात आणि तेव्हा ती साधारण 20 टक्के आकसते. म्हणून सॉफ्टवेअर ती आधीच तेवढी मोठी कोरतं. कास्टिंगच्या पेपरात 'श्रिंकेज अलाउन्स' घोकला होता ना? तोच! मला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क मिळाले होते, पण तो कधी कोणाच्या तोंडात जाईल असं वाटलं नव्हतं.

रूट कॅनालचंही असंच. दाताचं मूळ किती लांब आहे हे पूर्वी एक्स-रे काढून, अंदाज घेऊन ठरायचं. सुनादा या जपानी संशोधकाने 1962 मध्ये दाखवलं की मुळाच्या टोकाजवळ विजेचा रोध माणसागणिक फारसा बदलत नाही, साधारण साडेसहा किलोओहम. त्यावरून अ‍ॅपेक्स लोकेटर आला. सुई टोकापाशी गेली की यंत्र बीप देतं. त्याच्या जोडीला मोटरवर चालणाऱ्या फाईल्स आल्या आणि आता बऱ्याच दातांचं रूट कॅनाल एकाच बैठकीत होऊ शकतं. एक्स-रेची तर कथाच वेगळी. जानेवारी 1896 मध्ये जर्मनीच्या ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला तेव्हा 25 मिनिटं किरणांसमोर राहावं लागलं होतं. आता सेन्सर ठेवला की काही सेकंदांत चित्र स्क्रीनवर, किरणंही फिल्मपेक्षा कमी. म्हणजे पाच चकरांच्या दोन होऊ शकतात. आबांनी दोनला 'हो' म्हटलं असतं, याची मला खात्री आहे.

पण दुसरी बाजूही बघायला पाहिजे. स्कॅनर लाखांत येतो, मिलिंग मशीन त्याहून महाग. एवढा हप्ता डोक्यावर असला की तो कोणाच्या तरी दातातूनच वसूल होणार. माझी मामेबहीण पुण्यात एका क्लिनिकमध्ये नुसतं दात साफ करायला गेली होती. तिथे तिचं तोंड भल्यामोठ्या स्क्रीनवर रंगीत दाखवलं (कोणाचंही तोंड एवढं मोठं केलं की भयानकच दिसणार!) आणि हातात अलायनरचं कोटेशन दिलं. तिचे दात अगदी सरळ आहेत हो! अशा वेळी स्कॅनर तपासायला वापरला की विकायला, हे पेशंटला कसं कळणार? आता एक्स-रेवर कीड शोधून देणारी ए.आय. सॉफ्टवेअर्सही आली आहेत. डॉक्टरची नजर चुकली तर मदत होईल, चांगलंच आहे. पण स्क्रीनवरच्या प्रत्येक लाल चौकोनाचं बिल व्हायला लागलं तर अवघड आहे.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. पूर्वी एक्स-रेची फिल्म पाकिटात घालून घरी मिळायची. आमच्या कपाटात अजून आहेत. आता एक्स-रे, स्कॅन सगळं क्लिनिकच्या कॉम्प्युटरमध्ये. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की पुन्हा एक्स-रे, पुन्हा पैसे, पुन्हा एक चकर. फाईल पाठवायला अर्धं मिनिट लागतं. दात माझा, तोंड माझं, पैसे मी दिले, मग फाईल माझ्या मोबाईलवर का नको? माझ्या मते हे मागायला लाजू नये. डिजिटलचा सगळ्यात स्वस्त फायदा हाच आहे.

गुटख्याचं मात्र स्कॅनरला काही करता येत नाही. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटंही आत जात नसतील तर ट्रे काय आणि स्कॅनरचं टोक काय! कॅन्सरच्या आधीचा पांढरा चट्टा ओळखायला तर एक आरसा, चांगला उजेड आणि बघणारा डॉक्टर पुरतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हे तिन्ही आधी पाहिजेत, मशीन नंतर.

तरी मशीन नकोच असं मी म्हणत नाही. प्रत्येक डॉक्टरने वेगळं मशीन घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून एक स्कॅनर का घेऊ नये? सरकारी दंत विभागात एक का नको? आणि फाईल्स जर पाठवायच्याच आहेत, तर मिलिंग सेंटर खामगावच्या एम.आय.डी.सी.त का असू नये? सी.एन.सी. चालवणारी पोरं याच जिल्ह्यातून पुण्याला जातात. कॉलेजच्या प्रिंटरवर छापलेली कॅप कोणाच्या तोंडात बसवता येणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी मटेरियल प्रमाणित लागतं. पण स्कॅनची फाईल घेऊन डिझाइन करणं, आकसण्याचा हिशोब तपासणं, सरावासाठी जबड्याचं मॉडेल छापणं, हे तर जमेल ना? आम्ही चौघींनी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय लिहून दिला आहे. सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "दात? मेकॅनिकलमध्ये?"

आम्ही श्रिंकेज अलाउन्सपासून सांगायला सुरुवात केली आहे.