डावात आईलाही पानं वाटा

मैत्रिणींनो, आषाढ लागला की आमच्या हरसूलला पाऊस असा काही कोसळतो की अंगणात पाऊल टाकायची सोय राहत नाही. त्यातच वीज गेली की टी.व्ही. बंद, मोबाइलही मान टाकतो आणि मुलं ‘आता काय करू?’ म्हणत पायात पायात घोटाळतात. अशा वेळी कपाटातला पत्त्यांचा कॅट बाहेर काढावा. जुगारासाठी नव्हे हं! पैसा आला की खेळातली गंमत गेली, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवावं.

घरात सगळ्यांनी मिळून खेळायला हातातली पानं संपवायचे खेळ सर्वांत चांगले. हल्ली बऱ्याच घरांत ‘उनो’ आलेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाच्या एका न्हाव्याने १९७१ साली तो काढला. त्याला वेगळी रंगीत पानं विकत आणावी लागतात. आपला बदाम सात मात्र घरातल्या साध्या ५२ पानांवर भागतो आणि त्यात आजीपासून दुसरीतल्या नातवापर्यंत सगळे बसू शकतात.

ज्यांना येत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जोकर बाजूला काढून सगळी पानं वाटावीत. चौघं असाल तर १३-१३ येतात. पाच जण असाल तर दोघांना एकेक पान जास्त जातं, त्यानं काही बिघडत नाही. बदामची सत्ती ज्याच्याकडे, त्यानं ती मांडून सुरुवात करायची. पुढच्यानं तिला बदामची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. सत्तीच्या खाली एक्क्यापर्यंत ६ पानं लागतात आणि वर राजापर्यंत ६. काहीच लागत नसेल तर ‘पास’ म्हणायचं. पण लागणारं पान हातात असेल तर ते टाकलंच पाहिजे. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. बाकीच्यांच्या हातात उरलेल्या पानांचे गुण मोजायचे: एक्क्याचा १, गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३. ज्याचे गुण जास्त, त्यानं पुढच्या डावाची पानं पिसायची.

खरी मजा आहे ती अडवण्यात. समजा, किलवरची अठ्ठी तुमच्या हातात आहे आणि टाकण्यासारखं दुसरंही पान आहे. मग अठ्ठी खुशाल दाबून ठेवा. नव्वी, दश्शीवाले हात चोळत बसतील! मात्र किलवरचा राजाही तुमच्याचकडे असेल, तर जरा विचार करा. दुसऱ्याची वाट अडवताना आपलाही राजा त्याच वाटेवर अडकतो आणि डाव संपला की १३ गुण आपल्याच नावावर चढतात. मुलांना हे एकदा स्वतः भोगू द्या, समजावून सांगावं लागत नाही. पण पान दाबणं वेगळं आणि हातात एकच लागणारं पान असताना खोटं ‘पास’ म्हणणं वेगळं. ती लबाडी. पानं ओळीनं मांडली जात असल्यामुळे ती पुढे उघडी पडतेच.

मुलं लहान आहेत म्हणून मुद्दाम हरू नका. त्यांना ते बरोबर कळतं, आणि तसल्या जिंकण्याचा आनंद त्यांना होत नाही. रडू आलं तर येऊ द्यावं. पाच मिनिटांत पुढचा डाव वाटला जातो, हे त्या रडण्यावरचं उत्तम औषध. शाळेत परीक्षेचे कमी गुण पाहून कोमेजणारी मुलं मी पाहते, तेव्हा वाटतं, यांना घरी पत्त्यांत हरायची सवय असती तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं बोलते. तुमच्या घरी डाव बसतो, तेव्हा तुम्ही कुठे असता हो? बहुतेक घरी आई शेगडीपाशी असते आणि सतरंजीवरून ‘चहा आण गं’ अशी हाक येते. हे बदला. आपली पानं वाटून घ्या. चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवा आणि हरेल त्यानं कपबशा विसळायच्या, असा नियमच करून टाका. सूनबाईंनी सासऱ्यांचा राजा अडवला तर त्यात कुणाचा मान जात नाही. उलट मामंजीच हसून दाद देतात. आई हिशेब करते, डावपेच लढवते, तिलाही जिंकावंसं वाटतं, हे मुलांना दिसायला हवं. पुस्तकातून ते शिकवता येत नाही.

बदाम सात अंगवळणी पडला की झब्बूकडे वळा. त्यात समोरच्या रंगाचं पान नसलं की दुसऱ्या रंगाचं टाकायचं, आणि आलेल्या रंगातलं मोठं पान ज्याचं, त्यानं सगळा ढीग उचलायचा. आरडाओरडा फार होतो, तेव्हा शेजारणीलाही बोलावून घ्या!

जाता जाता एक सूचना. पावसाळी हवेत पानं चिकटतात. त्यांना चिमूटभर पावडर लावून कोरड्या फडक्यानं पुसावं. एखादं पान हरवलंच, तर जोकरावर शाईनं त्याचं नाव लिहून काम भागवावं. आणि ठेवताना ५२ पानं मोजायचं काम धाकट्याकडे द्यावं. पाढ्यांपेक्षा ते तो जास्त आवडीनं करील.